गोठल्यावर कामाला आलेली नदी

फिनलंड आणि स्वीडनच्या सीमेवरून टॉर्ने नदी वाहते. तिच्या फिनिश काठावर, उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला, आवासाक्सा नावाची जेमतेम २४२ मीटरची टेकडी आहे. मध्यरात्रीचा सूर्य बघायला लोक इथे येतात. रशियाच्या झारसाठी बांधलेली लाकडी बंगलीही माथ्यावर आहे. झार काही फिरकला नाही. पण टेकडीचा खरा मान मोजणीतला.

१७३६ मध्ये फ्रेंच गणिती मोपेर्त्वी पॅरिसहून आपली मंडळी घेऊन आला, तेव्हा दोन्ही काठ स्वीडनचेच होते. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, असं न्यूटन सांगून गेला होता. फ्रान्समधल्या कासिनी या खगोलशास्त्रज्ञ पितापुत्रांच्या मोजणीतून ती लांबट निघत होती. निकाल लावायचा तर उत्तरेत जाऊन अक्षांशाच्या एका अंशाची लांबी मोजणं भाग होतं; पृथ्वी चपटी असेल तर तिथला अंश फ्रान्सातल्यापेक्षा लांब भरणार. सोबत क्लेरोसारखा गणिती होता आणि तापमापकामुळे पुढे घरोघरी पोचलेला सेल्सियसही. आधी समुद्रातल्या बेटांवरून मोजायचा बेत होता, पण बेटं फारच सखल निघाली. मग ही दक्षिणोत्तर नदी आणि दुतर्फा टेकड्या बऱ्या वाटल्या.

बऱ्या म्हणजे काय, तर माथ्यांवर जंगल आणि डासांचे थवे. झाडं तोडायची, खोडं सोलायची आणि त्यांचे शंकू उभारायचे. सोललेलं पांढरं लाकूड लांबच्या टेकडीवरूनही दुर्बिणीत सापडे. होड्या खळाळत्या पाण्यातून वर न्यायला फिनिश सैनिक होते. नाव झालं मोपेर्त्वीचं.

अशा माथ्यांमधले कोन मोजून त्रिकोणांची साखळी जुळली, तरी निदान एक रेषा प्रत्यक्ष मोजावीच लागते. एवढी सपाट जागा या मुलखात कुठली? डिसेंबरात नदी गोठली आणि प्रश्न सुटला. तीस-तीस फुटांचे लाकडी दांडे टोकाला टोक लावत दोन तुकड्यांनी गोठलेल्या पात्रावर चौदाएक किलोमीटर मोजले. दोन्ही मापांत फरक आला चार इंचांचा! थंडी अशी, की दारूचा पेला ओठांना चिकटे.

उत्तरेतला अंश लांब भरला आणि न्यूटन जिंकला. आकडा मात्र सदोष होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वानबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने फेरमोजणी केली, तेव्हा फ्रेंचांचा अंश बराच जास्त लांब भरलेला आढळला. मला त्या मंडळींतला ऊतिए हा धर्मगुरू अधिक आवडतो. त्याने नदीचा नकाशा काढला आणि १७४४ मध्ये प्रवासाची रोजनिशी छापली.

पुढे स्ट्रूव्ह या खगोलशास्त्रज्ञाने केलेल्या अशाच त्रिकोणी साखळीच्या मोजणीतही आवासाक्सा आलं आणि त्याच नात्याने २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. मोपेर्त्वीच्या साखळीचं दक्षिण टोक म्हणजे टोर्निओ शहरातल्या लाकडी चर्चचा मनोरा. १६८६ चं ते चर्च आजही उभं आहे.