चढ पुण्यात, उंची लेहमध्ये

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. लेहच्या विमानतळाची धावपट्टी आहे सुमारे ३,२५६ मीटरवर. सप्टेंबरमध्ये लडाख मॅरेथॉनसाठी निघालेला मुंबई-पुण्याचा धावपटू विमानातून उतरतो, तो जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक रचल्या तर होईल तेवढ्या उंचीवर. लेह शहर त्याहूनही वर, साडेतीन हजार मीटरच्या आसपास. चार महिने अख्खा सह्याद्री पालथा घातला, तरी ही उंची सरावाला मिळत नाही. मग इथे राहून तयारी करायची कशाची?

पायांची. आणि ती कसून करायची. चढ आणि उंची ही दोन वेगळी आव्हानं आहेत. पहिल्याशी घरी झुंजता येतं, दुसऱ्याशी तिथे जाऊनच जुळवून घ्यावं लागतं. ही फोड आधी केली, की मेहनत योग्य जागी लागते.

दाबाचं गणित

उंचावरच्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश भरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातून रक्तात उतरणारा ऑक्सिजन घटतो. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तिथे सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांशाने खाली येते. तोंडावर मास्क बांधून पळण्याने उंचीचा सराव होत नाही, तो याचसाठी. मास्क श्वासाला अडवतो, हवेचा दाब बदलत नाही.

१९६८चं मेक्सिको सिटी ऑलिंपिक २,२४० मीटरवर झालं. १० हजार मीटरचा विश्वविक्रम नावावर असलेला ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क तिथे सहावा आला आणि अंतिम रेषेपलीकडे कोसळला. जिंकला केनियाच्या डोंगराळ मुलखातला नफ्ताली टेमू. लेह मेक्सिको सिटीपेक्षा हजारभर मीटर उंच आहे.

शरीराला वेळ हवा

लेहमध्ये पोचताच श्वास वाढतो. पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्ताची आम्लता घटते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. हा लगाम सैल होतो मूत्रपिंडांमुळे. ती जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देतात, मग श्वास पुन्हा मोकळेपणाने वाढू शकतो. या कामाला काही दिवस लागतात. तिथे वारंवार लघवीला जावं लागतं, तेव्हा घाबरायचं कारण नसतं. शरीर कामाला लागलेलं असतं. नव्या लाल पेशींची भर जाणवायला मात्र काही आठवडे जातात. म्हणजे आठ-दहा दिवसांच्या मुक्कामात रक्त फारसं बदलत नाही, श्वास बदलतो, आणि तेवढाही फरक मोलाचा असतो. सुट्टी वाचवण्यासाठी आदल्या दिवशी पोचणं म्हणजे हा फायदा सोडून देणं.

सिंहगड आणि उड्डाणपूल

आता पायांकडे. पुण्यात सिंहगड, ठाण्यात येऊर, साताऱ्यात यवतेश्वरचा घाट; मुंबईत काहीच नसेल तर उड्डाणपूल. आठवड्यातून एकदा चढावर तीन-चार मिनिटांच्या फेऱ्या, एकदा चढ-उताराचं लांब अंतर. सराव ऐन पावसाळ्यात येतो, म्हणून शेवाळलेल्या पायवाटेपेक्षा घाटातला किंवा टेकडीवरचा डांबरी रस्ता बरा.

चढाइतकाच उताराचाही सराव हवा. सिंहगडावर पोचून जीपने खाली येणाऱ्यांचा अर्धा सराव राहूनच जातो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन झेलतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जी कळ येते, ती याचीच. पण एकदा हा मार सोसलेले स्नायू पुढचे काही आठवडे त्याला पुरून उरतात. म्हणून उतार थोडा-थोडा, नियमित पळायचा. तीव्र चढावर जोरात चालायलाही शिकायचं. त्यात कमीपणा नाही, ते कौशल्य आहे. दोन-तीन महिने आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्यावं, कारण लाल पेशी बनायला लोह लागतं.

घड्याळापेक्षा धाप

मुंबईत सहा मिनिटांत होणारा किलोमीटर लेहमध्ये सात-साडेसात मिनिटं घेऊ शकतो. त्यामुळे वेग ठरवायचा तो धापेवरून: सुरुवातीला दोन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत. सिंधूच्या काठावरून लेहकडे चढताना राखून ठेवलेला दम कामी येतो.

डोकेदुखी, मळमळ वाटली तर वर जायचं नाही, विश्रांती घ्यायची. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर ताबडतोब खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. उंचीच्या त्रासावर दिलं जाणारं अ‍ॅसिटाझोलामाइड वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावं. ते स्पर्धात्मक खेळातल्या प्रतिबंधित औषधांच्या यादीतही आहे.

लेहमधले पहिले दोन दिवस काहीच करायचं नसतं. पडून राहायचं, पाणी प्यायचं, सावकाश चालायचं. चार महिने पहाटे चारचा गजर लावून उठलेल्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. पण सिंहगडावर कमावलेले पाय वापरायला मिळायचे असतील, तर आधी हे दोन दिवस मनापासून आडवं व्हायला हवं.