काट्यातला फरक

मेंदूमृत दात्याचं यकृत कुणाला द्यायचं, हे काही तासांत ठरवावं लागतं. अमेरिकेत 2002 पर्यंत या निर्णयात रुग्ण प्रतीक्षायादीवर किती काळ आहे, याला मोठं वजन होतं. पोटात पाणी किती, भान कितपत हरपलंय, हे डॉक्टरांच्या अंदाजावर ठरे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ‘मेल्ड’ गुण आले. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याशी संबंधित आयएनआर या तीन तपासण्यांवरून 6 ते 40 गुण काढायचे. गुण जितके जास्त तितका पुढच्या तीन महिन्यांत मृत्यूचा धोका जास्त, म्हणून नंबर आधी. इतक्या आजारी माणसाला दिलेलं यकृत वाया जाईल, ही शंका रास्त होती. पण यादीवरचे मृत्यू घटले आणि प्रत्यारोपणानंतर जगण्याचं प्रमाणही ढासळलं नाही. उलट 15 पेक्षा कमी गुण असलेल्यांना थांबण्यापेक्षा शस्त्रक्रियेचाच धोका मोठा, असं 2005 मध्ये दिसून आलं. नियम बदलला आणि माणसं वाचली, हे आधी मान्य करायला हवं.

मात्र या नियमाचा फायदा सर्वांना सारखा झाला नाही. मेल्ड आल्यानंतर पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांना यकृत मिळण्याची शक्यता कमी आणि यादीवरच दगावण्याची जास्त, असं 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. गोम क्रिएटिनिनमध्ये होती. ते स्नायूंतून तयार होतं आणि स्त्रियांच्या अंगात स्नायू कमी. आपल्याकडच्या बहुतेक लॅबच्या रिपोर्टवरही त्याची सामान्य मर्यादा स्त्री-पुरुषांसाठी वेगळी छापलेली असते. पन्नाशीतल्या पुरुषाचं क्रिएटिनिन 1.8 आणि त्याच वयाच्या बाईचं 1.4 असेल, तर दोघांची मूत्रपिंडं जवळपास सारखीच थकलेली असतात. मूळ सूत्र मात्र तिला दोनहून अधिक गुण कमी देई. वरवर दोन गुण किरकोळ वाटतात. पण यादी गुणांच्याच क्रमाने लागते, तिथे तेवढ्याने दुसऱ्याचा नंबर आधी लागतो.

2023 च्या जुलैपासून सुधारित सूत्रात स्त्रियांना 1.33 गुण जादा मिळतात. लिंगावरून गुण देणं हा पक्षपात नव्हे का, असं कुणी विचारेल. ही सवलत असती तर आक्षेप बरोबर ठरला असता. पण तराजूचा काटा एका बाजूला कललेला असताना तो सरळ करणं, याला झुकतं माप म्हणता येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे: चूक दुरुस्त व्हायला 21 वर्षं लागली, आणि तीही अर्धीच झाली. लहान चणीच्या बाईचा नंबर आला तरी दात्याचं मोठं यकृत तिच्या पोटात मावत नाही आणि ते पुढच्या रुग्णाकडे जातं. ही अडचण गुण वाढवून सुटणारी नाही. त्यासाठी लहान यकृत आधी लहान चणीच्या रुग्णाला देऊ करावं लागेल आणि मोठं यकृत दोघांत विभागता येतं का, हे अधिक वेळा पाहावं लागेल.