चित्र उजळलं, पुराव्याचं काय? : 'जॅक द रिपर' मालिकेच्या नव्या प्रतीच्या निमित्ताने

आजचा विषय ऐकायला छोटा वाटेल. एखादी जुनी दूरचित्रवाणी मालिका नव्या, सुधारित रूपात ब्लू-रे डिस्कवर येते, तेव्हा नेमकं काय सुधारतं? आणि मालिका खऱ्या खुनांवरची असेल, तर काय सुधारत नाही? या दोन प्रश्नांभोवतीच आपण आज फिरणार आहोत.

उदाहरण म्हणून आम्ही ब्रिटनची 'जॅक द रिपर' ही दोन भागांची मालिका निवडली आहे. दिग्दर्शक डेव्हिड विक्स, आणि इन्स्पेक्टर ॲबरलाइनच्या भूमिकेत मायकेल केन. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या खुनांना शंभर वर्षं झाली, त्या मुहूर्तावर ऑक्टोबर १९८८ मध्ये ती ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत दाखवली गेली. केन यांना तिच्यासाठी गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला, तोही स्टेसी कीच यांच्याबरोबर विभागून. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांची आधीच क्षमा मागतो. शेवट सांगितल्याशिवाय हा विषय मांडताच येत नाही.

एकच गोष्ट, दोन माध्यमं

या मालिकेची जन्मकथा आपल्याला फार उपयोगी आहे. थेम्स टेलिव्हिजनने १९८७ मध्ये काम सुरू केलं ते व्हिडिओ टेपवर. तेव्हा ॲबरलाइन होते बॅरी फॉस्टर. पुढे अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीचा पैसा आला, बजेट वाढलं. झालेलं चित्रीकरण बाजूला ठेवून सगळं पहिल्यापासून पुन्हा उभं केलं गेलं. या वेळी फिल्मवर, आणि केन यांना घेऊन.

म्हणजे गोष्ट तीच, काळ जवळजवळ तोच, पण एक चित्रीकरण टेपवर आणि दुसरं फिल्मवर. नेटवर्क या ब्रिटिश कंपनीने मालिका ब्लू-रेवर आणली, तेव्हा मूळ फिल्मवरून नवं स्कॅन केलं आणि फॉस्टर यांच्या अर्धवट राहिलेल्या चित्रीकरणाचा काही भागही जोडला. त्यामुळे एकाच डिस्कवर दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात. कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा हा धडा चांगला आहे.

फरक का पडतो ते समजून घेऊ. टेपवर चित्र ओळींमध्ये कापून विद्युतसंकेत म्हणून साठवलं जातं. ब्रिटनची त्या काळची पद्धत ६२५ ओळींची, त्यातल्या ५७६ ओळी प्रत्यक्ष चित्राच्या. चित्रीकरणाच्या दिवशी जेवढं टेपवर उतरलं, तेवढंच कायमचं. नंतर कितीही भारी यंत्र आणलं, तरी जो तपशील नोंदवलाच गेला नाही तो परत कुठून आणणार? विहिरीत नसेल तर पोहऱ्यात येणार नाही.

फिल्मचं तसं नाही. फिल्मवर प्रकाशाने रासायनिक बदल होतो आणि चित्र सूक्ष्म दाण्यांतून तयार होतं. त्यात ठरलेल्या ओळी नसतात. १९८८ मध्ये ही फिल्म लोकांनी पाहिली ती टीव्हीच्या संकेतात उतरवून, म्हणजे बराचसा तपशील वाटेतच सांडून. मूळ निगेटिव्ह जपून ठेवली असेल, तर तो तपशील तिच्यात अजून बसलेला असतो. नव्या स्कॅनने तो बाहेर काढायचा असतो, नव्याने निर्माण करायचा नसतो.

आकड्यांत सांगायचं तर ब्रिटिश डीव्हीडीची चौकट ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांची, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके. ब्लू-रेची १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार. बरोबर पाचपट. पण या पाचपट जागेत भरायला माल मुळात हवा. फिल्मकडे तो आहे, टेपकडे नाही.

या मालिकेत हा फरक विशेष जाणवतो, कारण तिचा बराचसा भाग रात्रीचा आहे. धुकं, गॅसचे दिवे, ओले दगडी रस्ते, काळे कोट. व्हीएचएस कॅसेटवर अशा दृश्यांत काळ्याच्या सगळ्या छटा एकमेकींत मिसळून नुसता चिखल होतो. नव्या स्कॅनमध्ये काळ्या कोटामागची काळी भिंत वेगळी दिसते.

सुधारणेच्या नावाखाली

आता दोन सावधगिऱ्या. पहिली, दाण्यांची. फिल्मचे दाणे म्हणजे घाण नव्हे, ते चित्राचं सूत आहे. धूळ, ओरखडे जरूर काढावेत. पण काही ठिकाणी संगणकाने दाणेही पुसून टाकतात आणि मग माणसांचे चेहरे मेणाच्या पुतळ्यांसारखे गुळगुळीत दिसतात.

दुसरी, चौकटीची. त्या काळचा टीव्ही ४:३ आकाराचा, आजचा १६:९. पडदा भरावा म्हणून ४:३ चं चित्र वरून-खालून कापलं, तर पाव चित्र जातं. कुणाची टोपी जाते, कुणाचे हात जातात. फिल्मच्या कडेला जास्तीचं चित्र शिल्लक असेल तर नुकसान थोडं भरून निघतं, पण दिग्दर्शकाने आखलेली रचना बदलतेच. चांगल्या प्रतीने मूळ चौकटही द्यावी आणि निवड प्रेक्षकावर सोडावी.

आणि स्वच्छ चित्र चुगलखोरही असतं. रिचर्ड मॅन्सफील्ड या अमेरिकन नटाने १८८८ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या लिसियम नाट्यगृहात 'जेकिल आणि हाइड' खरोखरच रंगवलं होतं. मालिकेत आर्मांड असांटे यांचा चेहरा रंगमंचावर सुजत-फुगत राक्षसी होताना दिसतो. ती करामत १९८० च्या दशकातल्या रबरी मेकअपची आहे, १८८८ च्या रंगभूमीची नव्हे. चित्र जितकं स्पष्ट, तितकं हे अधिक उघडं पडतं.

आता पुराव्याकडे

इथून विषय गंभीर होतो. मालिकेच्या सुरुवातीला पडद्यावर मजकूर येतो. त्याचा आशय असा, की ही कथा सखोल संशोधनावर आधारलेली आहे आणि गृहखात्याच्या खास परवानगीने सरकारी फायली तपासल्या आहेत. एवढं वाचल्यावर प्रेक्षक निवांत बसतो. त्याला वाटतं, आता खरं काय ते कळणार.

शेवटी मालिका खुनी म्हणून नाव घेते ते सर विल्यम गल यांचं. हे राजघराण्याचे डॉक्टर. १८७१ मध्ये युवराजांना विषमज्वर झाला तेव्हा यांनी उपचार केले होते. 'अनोरेक्झिया नर्व्होसा' हे आजाराचं नाव वैद्यकात रूढ झालं तेही यांच्यामुळे. १८१६ चा जन्म, म्हणजे खुनांच्या वेळी वय सत्तरीच्या पुढे. त्याआधीच्या वर्षी, १८८७ मध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आलेला होता. जानेवारी १८९० मध्ये ते वारले.

गल यांच्यावरचा आरोप सर्वतोमुखी झाला तो १९७६ च्या स्टीफन नाइट यांच्या पुस्तकामुळे. खुनांच्या काळातल्या पोलिसांच्या उपलब्ध कागदांत तो नाही. १८९४ मध्ये मेलव्हिल मॅकनॉटन या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने टिपण लिहून तीन संशयितांची नावं दिली, त्यातही गल नाहीत. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट खऱ्या ॲबरलाइन यांची. मालिकेत ते खुनी शोधून काढतात. प्रत्यक्षात निवृत्त झाल्यावर, १९०३ मध्ये, त्यांनी 'पॉल मॉल गॅझेट'ला मुलाखत दिली. त्यात त्यांचा संशय होता सेव्हरिन क्लोसोव्स्की याच्यावर. बायकांना विष घालून मारल्याबद्दल त्याच वर्षी फाशी गेलेला हा माणूस. म्हणजे नायकाचं खरं मत आणि नायकाच्या तोंडी घातलेलं मत यांचा एकमेकांशी संबंध नाही.

आता गंमत पाहा. मालिका संपताना पुन्हा मजकूर येतो. खटला झाला नव्हता, कबुलीजबाब नव्हता, ठोस पुरावा उपलब्ध नाही, इतरांचं मत वेगळं असू शकतं, असं तो मान्य करतो. पण आपला निष्कर्ष खरा आहे असं आम्हाला वाटतं, असंही सांगतो. सुरुवातीला छातीठोक दावा आणि शेवटी सावध कबुली! नव्या प्रतीत दोन्ही मजकूर सारखेच सुबक आणि वाचनीय दिसतात. पण तोवर एक नाव प्रेक्षकाच्या मनात पक्कं बसलेलं असतं.

मग काय करावं? मालिका बदलावी का? आमचं मत स्पष्ट आहे, बदलू नये. १९८८ मध्ये लोकांना काय पटत होतं, याचा तो दस्तऐवज आहे. पण तिच्या सोबत काय द्यायचं हे नव्या प्रतीच्या हाती असतं. गल यांच्याविषयीच्या या चार गोष्टी एका छोट्या पुस्तिकेत सहज मावतील. मेलेल्या माणसाला अब्रूनुकसानीचा दावा करता येत नाही. म्हणून तर जबाबदारी जास्त.

नावं कुणाची राहतात?

आणखी एक हिशेब राहतो. मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज, मेरी जेन केली. ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८ या काळात मारल्या गेलेल्या या पाच बायका. पाचपैकी चौघी चाळिशीतल्या. निकोल्स पाच मुलांची आई, चॅपमन कोचमनची बायको, स्ट्राइड स्वीडनहून आलेली. हॅली रुबेनहोल्ड यांनी २०१९ मध्ये केवळ या पाचजणींच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं, तोवर बहुतेकांसाठी त्या निव्वळ प्रेतं होत्या.

पुण्यात १९७६-७७ मध्ये जे घडलं, त्याला आपण 'जोशी-अभ्यंकर हत्याकांड' म्हणतो. गेलेल्या माणसांच्या नावाने. लंडनच्या प्रकरणाला मात्र नाव मिळालं ते न सापडलेल्या खुन्याचं, आणि तेही वर्तमानपत्रांतून गाजलेलं टोपणनाव. एखादं हत्याकांड कुणाच्या नावाने लक्षात ठेवायचं, हीसुद्धा निवडच असते.

म्हणून अशी सुधारित प्रत हाती आली की चार गोष्टी बघा. स्कॅन कशावरून केलं, निगेटिव्हवरून की जुन्या टेपवरून? मूळ चौकट दिली आहे का? दाणे शाबूत आहेत का? आणि चौथी, जी वेष्टनावर छापलेली नसते: खऱ्या माणसांवर केलेल्या आरोपांबद्दल सोबत काही सांगितलं आहे का? पहिल्या तिन्हींची उत्तरं तंत्रज्ञाकडून मिळतील. चौथीसाठी कुणीतरी कागदपत्रं वाचलेली असावी लागतात.

नेटवर्क कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. डिस्क येतात, जातात, पुन्हा कुणीतरी नव्याने काढतं. पुढची प्रत कुणी काढली, तर तिच्यात ही पुस्तिका असावी, एवढीच अपेक्षा. आता तुमचे प्रश्न घेऊ या.