बहुभाषिक बालकांचा भाषाविकास

बहुभाषिक बालकांचा भाषाविकास म्हणजे दोन किंवा अधिक भाषांच्या सहवासात वाढणाऱ्या बालकाची समजण्याची व बोलण्याची क्षमता विकसित होण्याची प्रक्रिया होय. जन्मापासून दोन भाषा कानी पडत असल्यास ती समकालीन द्विभाषिकता, तर एक भाषा रुजल्यावर दुसरी आत्मसात केल्यास ती क्रमिक द्विभाषिकता मानली जाते. घरी मराठी आणि बालवाडीत इंग्रजी हे दुसऱ्या प्रकाराचे महाराष्ट्रातील परिचित उदाहरण आहे.

अभ्यासाचा इतिहास

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंजा यांनी आपल्या मुलाच्या फ्रेंच-जर्मन भाषाविकासाचे निरीक्षण १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. पित्याने फ्रेंच व मातेने जर्मन बोलण्याची ही पद्धत पुढे ‘एक व्यक्ती, एक भाषा’ या नावाने ओळखली गेली. वेर्नर लिओपोल्ड यांनी आपल्या कन्येच्या इंग्रजी-जर्मन भाषेचा चार खंडांत (१९३९–४९) अभ्यास मांडला. द्विभाषिकतेमुळे बुद्धीवर ताण पडतो या तत्कालीन समजुतीला पील व लॅम्बर्ट यांच्या मॉन्ट्रियल येथील १९६२ च्या अभ्यासाने धक्का दिला.

ध्वनी आणि शब्दसंग्रह

वर्कर व टीस यांच्या १९८४ च्या संशोधनानुसार इंग्रजीभाषक घरातील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील ‘त’ व ‘ट’ यांतील भेद ऐकू येतो. वर्षाच्या सुमारास तो बराच मावळतो. मराठीतही हा भेद अर्थभेदक आहे.

पहिला शब्द साधारणतः वर्षाच्या आसपास व दोन शब्दांची जोडणी दुसऱ्या वर्षाच्या सुमारास येते. बहुभाषिक बालकेही सामान्यतः याच मर्यादेत बोलू लागतात. त्यांचे शब्द दोन भाषांत विभागलेले असल्याने केवळ एका भाषेतील शब्द मोजल्यास संग्रह तोकडा भासतो. म्हणून दोन्ही भाषांतील शब्द एकत्र विचारात घेतले जातात.

भाषामिश्रण

‘मला वॉटर दे’ यांसारखे वाक्य गोंधळाचे लक्षण मानले जात नाही. त्यातील एक शब्द इंग्रजी असला, तरी कर्मानंतर क्रियापद हा मराठीचा क्रम बालकाने पाळलेला असतो. घरातील प्रौढांच्या मिश्र बोलण्याचाही त्यावर प्रभाव पडतो.

वाचाविलंब

मूल उशिरा बोलू लागल्यास घरची भाषा बंद करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. परंतु बहुभाषिकतेमुळे भाषाविकार उद्भवतो, असे संशोधनातून दिसत नाही. खरा विकार बालकाच्या सर्व भाषांत आढळतो. केवळ शाळेतील नव्या भाषेतील अडखळणे हे बहुधा अपुऱ्या सरावाचे लक्षण असते. विलंबाचे कारण बहुभाषिकता गृहीत धरल्यास श्रवणदोषासारखे कारण दुर्लक्षित राहू शकते. म्हणून श्रवणचाचणी व वाचोपचारतज्ज्ञांकडून सर्व भाषांतील तपासणी आवश्यक ठरते. घरची भाषा तोडल्यास, पालकांना सहज न येणाऱ्या भाषेतील तुटपुंजा संवादच बालकाच्या वाट्याला येतो आणि आजी-आजोबांशी असलेला दुवाही क्षीण होतो.