जुहूचे लहान विमान आणि वसईचा हिवाळा

हिवाळ्यातही नित्यनियमाने लहान विमान चालवणे ही गोष्ट शीत देशांत पराक्रमात जमा होते, कारण तेथे पंखांवरचे हिम उतरवून आणि गारठलेल्या इंजिनाला ऊब देऊनच वैमानिकाला दिवसाचा प्रारंभ करावा लागतो. आमच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र ऋतूंचा हिशेब उलटा आहे, आणि हौशी वैमानिकाला चार महिने सक्तीची रजा देतो तो पाऊस.

जुहूला हा हिशेब फार लवकर कळला. १९२८ साली तेथे विमानतळ झाला, त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी या देशात दिला गेलेला वैमानिकाचा पहिला परवाना जे. आर. डी. टाटांच्या हाती पडला. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, म्हणजे पावसाचा अंमल सरल्यावर, एकाच इंजिनाचे आणि कापडाने मढवलेले पस मॉथ विमान घेऊन ते कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्यांसह एकटेच जुहूस उतरले. जुहूचे मैदान सखल. पाऊस आणि भरती यांची गाठ पडली की धावपट्टी कोणती आणि समुद्र कोणता याचा निवाडा करणे कठीण, म्हणून पावसाळ्यापुरता या हवाई टपालाचा मुक्काम पुण्यास हलवण्याचा शिरस्ता पडला. घाटावरच्या वादळी पावसातही टपाल वेळेवर पोहोचल्याची दखल सरकारी दफ्तराने घेतली. १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, टाटांनी तेच उड्डाण पुन्हा केले, त्याचे कौतुक सर्वांनी केले. आम्हांला मात्र साहसाहून त्या पावसाळी वक्तशीरपणाचेच अप्रूप अधिक वाटते.

पावसाच्या मानाने हिवाळा सोज्वळ दिसतो, आणि तेथेच तो फसवतो. जुहूहून उत्तरेस निघालेल्या विमानाला वेसावे, मढ, गोराई, उत्तन आणि मग वसईची खाडी ओलांडून वसईतल्या पापडीवर यायला दहा-बारा मिनिटे पुरतात. नाताळच्या सुमारास पापडीत पहाटे वारा पडलेला असतो. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खाली बसते, वरची ऊबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते आणि वाड्यांतल्या पाचोळ्याचा धूर, रस्त्याची धूळ, खाडीचा दमटपणा हे सारे त्या झाकणाखाली कोंडून पडते. खाली उभ्या असलेल्या माणसाला डोक्यावर स्वच्छ निळे आकाश दिसते, आणि वैमानिकालाही थेट खाली पाहिले तर पापडीचे तळे नि चर्च स्पष्ट दिसते. परंतु त्याला उतरायचे असते ते पुढे, आणि तिरप्या नजरेला त्या धुरकटाचा जाड थर भेदावा लागत असल्यामुळे समोरचा वसईचा किल्लादेखील नाहीसा झालेला असतो. ऊन चढून जमीन तापली की झाकण उघडते; तोवर थांबणे एवढाच त्यावर इलाज.

दुसरा धोका अधिक चमत्कारिक आहे. सेसना १५२ सारख्या विमानाच्या कार्ब्युरेटरमध्ये हवा अरुंद गळ्यातून वेगाने शिरते, त्यातच पेट्रोलची वाफ होते, आणि या दोहोंमुळे तेथील तापमान २० अंशांहूनही अधिक उतरू शकते. म्हणजे बाहेर अठरा-वीस अंशांची सुखद, दमट हवा असताना आत बर्फ धरतो. उतरण्यासाठी थ्रॉटल कमी केले असता हे विशेषेकरून घडते. इंजिनाचे फेरे हळूहळू घटतात, काही वेळाने इंजिन खरखरू लागते. अशा वेळी गरम हवेची कळ बाहेर ओढली की फेरे आणखीच खाली येतात, वितळलेले पाणी पोटात गेल्यामुळे इंजिन ठसकते, आणि शिकाऊ मनुष्य घाबरून कळ परत आत ढकलतो. ठसका हीच बर्फ सुटत असल्याची खूण आहे, हे ज्याला ठाऊक तो कळ तशीच धरून ठेवतो आणि फेरे पूर्ववत होण्याची वाट पाहतो.

यापेक्षा साधी, पण रोजची बाब म्हणजे टाकीतले पाणी. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते. म्हणून सकाळी पंखाखालच्या तोटीतून थोडे इंधन काचेसारख्या नळीत काढून ते उजेडासमोर धरायचे. इंधन निळसर, पाणी रंगहीन आणि जड. तळाशी डुचमळणारा थेंब दिसला की पुन्हा काढायचे, नळी निखळ निळी होईपर्यंत. नियमित उडणाऱ्याची नियमितता आकाशात फारशी दिसत नाही, ती येथे, ओणवे होऊन पाहण्यात असते.

जुहूवर आता मुख्यत्वे समुद्रातील तेलविहिरींकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरांचा राबता आहे, आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबने आपले उड्डाणशिक्षण धुळ्याकडे नेले आहे, जेथे हिवाळा पापडीहून कडक असला तरी हवा कोरडी, म्हणून कार्ब्युरेटरच्या दृष्टीने अधिक सालस. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेले विमान धुळ्याच्याच धावपट्टीवर उडाले. त्यांच्या कारखान्यासाठी पालघर जिल्ह्यात जागा देण्याचा करार सरकारने २०१८ साली केला होता. हा कारखाना आमच्या किनाऱ्यावर खरोखर उभा राहिलाच, तर चाचणीच्या उड्डाणांना वर्षातले आठच महिने मिळतील, आणि त्यांतल्याही डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ऊन वर येईपर्यंत विमाने शेडमध्येच ठेवावी लागतील.