गाडीत सगळं एकत्रच होतं, मग ओला-सुका वेगळा करायचा कशाला? कारण गाडीच्या आधी बरंच काही घडतं

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "कृपया ओला आणि सुका कचरा वेगळा द्या" असा मेसेज पडला की खाली एक रिप्लाय हमखास येतो. "आम्ही वेगळा देतो हो, पण गाडीवाले सगळं एकत्रच टाकतात." त्याला चार अंगठे मिळतात आणि विषय तिथंच संपतो.

आता ही तक्रार काही अगदीच खोटी नाही. बऱ्याच ठिकाणी असं होतं. पण यात एक गोष्ट आपण विसरतो. कचरा गाडीत चढण्याआधी कुणाच्या तरी हातातून जातो.

पुण्याचंच बघा. इथं १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यातूनच पुढं 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दारोदार जाऊन कचरा गोळा करणाऱ्या या सभासदांमध्ये बहुतेक बायका आहेत. त्यांची कमाई दोन ठिकाणांहून येते. घरटी महिन्याला मिळणारं शुल्क, आणि सुका कचरा भंगारात विकून येणारे पैसे.

म्हणजे कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा हे सगळं गाडी येण्याआधीच बाजूला निघतं. बिल्डिंगच्या मागं, फुटपाथच्या कडेला. त्या कागदावर तुम्ही रविवारचा उरलेला रस्सा ओतला असेल, तर त्याला भंगारवाला हात लावत नाही. गाडीत पुढं काहीही होवो, त्या बाईचं नुकसान तुमच्या डब्यातच झालेलं असतं.

आता ओल्याकडं वळू.

भाजीची देठं मातीत पडली तर कुजून खत होतात. तीच देठं कचऱ्याच्या डोंगराखाली दाबली गेली की त्यांना हवा मिळत नाही आणि बिनहवेचं कुजताना मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साईडच्या २५ पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. शिवाय तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं, तेव्हा तो धूर उपग्रहाच्या फोटोत दिसत होता आणि शहरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

दुसरं म्हणजे ढिगातून झिरपणारं काळं पाणी. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तिथल्या विहिरी खराब झाल्या, लोक टँकरवर आले. गावकऱ्यांनी वेळोवेळी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हाच पुणेकरांना आपला कचरा कुठं जातो याचा पत्ता लागला. आपल्या शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. तो घरातच जिरवला तर "गाडीत एकत्र होतं" हा मुद्दाच उरत नाही, कारण तो गाडीपर्यंत जातच नाही.

हे वाटतं तेवढं अवघड नाही. भोकं पाडलेली जुनी बादली घ्या, तळाला वाळलेल्या पानांचा थर द्या. त्यावर रोजची सालं, देठं, चहाचा चोथा. त्यावर परत पानं. सुरुवातीला मूठभर जुनं खत नाहीतर थोडं आंबट ताक घातलं की काम लवकर सुरू होतं. वास आला तर घाबरू नका, ओल जास्त झाली एवढाच त्याचा अर्थ. पानं वाढवा आणि हलवा. अळ्या दिसल्या तर घरातले ओरडतील, पण त्या कुजवण्याचंच काम करत असतात. साधारण दोन-तीन महिन्यांत खत तयार. आणि पानं विकत आणायची गरज नाही, सकाळी रस्त्याच्या कडेला जो ढीग पेटवून देतात ना, तोच एक पोतं भरून आणा. धूरही वाचला.

पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवण्याची सोय असेल, तर सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलतही मिळते. फक्त ते खरंच चालू असावं लागतं, दाखवायला ठेवलेला ड्रम नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर ग्रुपवर कुणी बोलत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर. तुम्ही काळ्या पिशवीत गाठ मारून टाकता, पण आत काय आहे हे बाहेरून कळत नाही. मग कुणीतरी ती पिशवी हातानं उघडतं. म्हणून पुण्यातल्या कचरावेचकांनी साधा उपाय मांडला. ते कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की पिशवी न उघडता बाजूला. जुनी लिपस्टिक, स्केचपेन, काहीही चालतं. २०१६ च्या घनकचरा नियमांतही असा कचरा नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं.

बाकी बारीकसारीक गोंधळ. चहाचा कागदी कप ओल्यात टाकू नका, त्याला आतून प्लास्टिकचा थर असतो. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा करू नका. पिशवी धुतली की विकली जाते, तो तुकडा मात्र गटारात जातो. फुटलेली काच पेपरात गुंडाळा आणि देताना तोंडानं सांगा. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देऊ नका, डब्यात रद्दीचा कागद अंथरला तरी भागतं.

आणि त्या रिप्लायवाल्या काकांसाठी एक. याच २०१६ च्या नियमांत ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो स्वतःच्या आवारातच जिरवावा असं लिहिलं होतं. तुमची सोसायटी त्यात बसत होती का आणि बिल्डरनं बांधून दिलेला खताचा खड्डा सध्या कशानं भरलाय, हे पुढच्या मीटिंगला विचारून बघा. बऱ्याच ठिकाणी त्यात जुन्या कुंड्या आणि मोडक्या सायकली निघतात.