सोडा फाउंटनच्या पैशावर उभे राहिलेले डेंटल कॉलेज

कोलकात्याला निघालेल्या मराठी प्रवाशाची यादी ठरलेली असते: व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा पूल, कालीघाट, दक्षिणेश्वर आणि वेळ उरलाच तर १८१४ सालचे इंडियन म्युझियम. सियालदह स्टेशनापासून जवळच, मौलालीला असलेले डॉ. आर. अहमद डेंटल कॉलेज त्यात नसते, आणि दाढ ठणकल्याशिवाय तिकडे जाणार तरी कोण? पण विसाव्या शतकातले कोलकाता कोणी आणि कशाच्या बळावर घडवले हे समजून घ्यायचे असेल, तर संगमरवरी घुमटापेक्षा हे कॉलेज अधिक सांगते. व्हिक्टोरिया मेमोरियलची कोनशिला १९०६ मध्ये बसली आणि ते लोकांसाठी खुले झाले १९२१ मध्ये. दरम्यान १९११ मध्येच राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा झाली होती. ज्या सत्तेचा तो गौरव, तिने शहराकडे पाठ फिरवल्यावर तो पुरा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२० मध्ये, रफीउद्दीन अहमद यांनी भारतातले पहिले डेंटल कॉलेज काढले.

अहमद यांचा जन्म १८९० सालचा, पूर्व बंगालमधला. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून ते १९१५ मध्ये दंतवैद्यकाचे पदवीधर झाले, बोस्टनच्या फोर्साइथ दवाखान्यात त्यांनी लहान मुलांच्या दातांवर उपचार केले आणि १९१९ मध्ये ते परतले. कोलकात्याचे मेडिकल कॉलेज १८३५ पासून चालू होते. म्हणजे ८५ वर्षे डॉक्टर घडवणाऱ्या शहरात दातांसाठी स्वतंत्र शिक्षण नव्हते. सरकार काही करील म्हणून अहमद थांबले नाहीत. ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचा धंदा सुरू करून त्यांनी कॉलेजसाठी पैसा उभा केला. गोड पेयांच्या कमाईतून दातांचे कॉलेज, तेही रसगुल्ल्याच्या गावात! पुढे १९२५ मध्ये त्यांनी ‘इंडियन डेंटल जर्नल’ सुरू केले, १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिले, आणि १९३९ मध्ये बंगालचा दंतवैद्यक कायदा झाला त्यामागेही त्यांचे प्रयत्न होते. कॉलेज, नियतकालिक, पाठ्यपुस्तक, कायदा ही साखळी पाहिली की लक्षात येते, त्यांना नुसता दवाखाना थाटायचा नव्हता; एक व्यवसाय उभा करायचा होता.

यावर एक रास्त आक्षेप असा, की दात काढणारे आणि कवळ्या बसवणारे शहरात आधीपासून होतेच. कोलकात्याच्या चिनी वस्तीतले हूबेई प्रांतातून आलेले लोक पिढ्यान्‌पिढ्या दातांचेच काम करत. कॉलेज आणि कायदा यांनी या कारागिरांना खालच्या पायरीवर ढकलले का? काही अंशी हो. १९४८ च्या केंद्रीय कायद्याने पदवीधरांची आणि अनुभवावर काम करणाऱ्यांची नोंद वेगवेगळ्या भागांत ठेवली, आणि दुसऱ्या भागात पुढे नव्यांना वाव उरला नाही. पण हातोटीने दाढ निघते. जबड्यात पसरलेला संसर्ग ओळखायला शरीरशास्त्र लागते. शिवाय घराण्यातली विद्या घराण्यात राहते. कॉलेजचे दार त्याबाहेरच्यांनाही उघडते. इथे शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ मध्ये मुंबईत स्वतःचा दवाखाना उघडला. एका मुस्लिम तरुणीने त्या काळात असा व्यवसाय करणे, हा त्या उघड्या दाराचाच परिणाम. मुंबईत नायर रुग्णालयाचे डेंटल कॉलेज निघाले ते दहा वर्षांनी, १९३३ मध्ये.

दुसरा आक्षेप व्यक्तिपूजेचा. संस्थेला एकाच माणसाच्या नावाने ओळखणे धोक्याचे, हे आपल्याकडच्या शिक्षणसम्राटांनी पुरेसे सिद्ध केले आहे. पण अहमद यांनी १९४९ मध्ये कॉलेज पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकले. आज नाव त्यांचे आहे, मालकी सरकारची. पुढे ते बिधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळात होते, १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९६५ मध्ये ते वारले; २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशातले दंतवैद्य आपला दिवस म्हणून पाळतात.

तेव्हा कोलकात्यात असाल तर व्हिक्टोरिया मेमोरियल जरूर पाहा, आणि मग आचार्य जगदीशचंद्र बोस रोडने मौलालीपर्यंत या. कॉलेजचे रुग्णालय चालू आहे, तेव्हा इमारत रस्त्यावरूनच पाहावी. आतली रांग दात दुखणाऱ्यांची आहे.